वाफसा आल्यावर वऱ्हाड

वऱ्हाड बघायला कधी यावं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ऑक्टोबर ते मार्च. प्रवासी कंपन्यांची पत्रकं हेच सांगतात, नातेवाईक हेच सांगतात, आणि ज्यांनी वऱ्हाड फक्त मुंबई-नागपूर गाडीच्या खिडकीतून पाहिलंय तेही हेच सांगतात. उत्तर चुकीचं नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चिखलदऱ्याच्या कड्यांवरून पाणी कोसळत असतं, मेळघाटातला साग भरपानावर असतो आणि अकोल्याच्या काळ्या वावरांत सोयाबीन काढणीला आलेलं असतं. मार्च उजाडेपर्यंत त्याच कड्यांवर पाण्याचे काळे ओघळ तेवढे उरतात, सागाची पानं जमिनीवर आलेली असतात आणि वावरांतल्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात. हे दोन निराळे मुलूख एकाच हंगामात कोंबले जातात, ते केवळ दोन्ही वेळी ऊन अंगाला सोसतं म्हणून. साऱ्या देशाबद्दलही आपण असंच बोलतो. ‘भारत हिवाळ्यात बघावा’ हा सल्ला राजस्थानाला लागू पडतो. पण नोव्हेंबरात चेन्नईला ईशान्य मान्सूनचा पाऊस झोडपत असतो आणि लडाखकडे जाणाऱ्या खिंडी बर्फाच्या धास्तीत असतात. जिथं हवामान एकसारखं नाही, तिथं नुसतं थर्मामीटर पाहून महिना ठरवला की निम्मा प्रदेश आपल्या हातून निसटतो.

आता वऱ्हाडातल्या अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांची ठेवण पाहू. अकोला समुद्रसपाटीपासून जेमतेम 280 मीटरवर, अमरावती 340 च्या आसपास, आणि अमरावतीहून अडीच-तीन तासांच्या रस्त्यावरचा चिखलदरा 1,100 मीटरच्या वर. नुसत्या उंचीच्या हिशेबानं पाच-सहा अंशांचा फरक पडतो. अकोल्याला वर्षाकाठी साधारण 750 ते 800 मिलिमीटर पाऊस होतो. चिखलदऱ्याला त्याच्या दुपटीच्या घरात. उत्तरेला सातपुड्याचे गाविलगड डोंगर, त्यांच्या पायथ्याशी पूर्णेचं सपाट खोरं, आणि दक्षिणेला पुन्हा चढत जाणारं पठार, जिथून काटेपूर्णा आणि मोर्णा उत्तरेकडे वाहत येतात. डोंगराच्या पलीकडच्या उतारावरच्या सिपना, गडगा, खापरा या नद्या थेट तापीला मिळतात. अलीकडचं पाणी पूर्णेतून फेरा घालून तापीतच जातं आणि अरबी समुद्र गाठतं. अमरावती जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग मात्र वर्धेचा. वरुड, मोर्शी, तिवसा इकडे पडलेला थेंब वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळतो. एकाच जिल्ह्याचा पाऊस दोन समुद्रांत जातो, आणि तरी त्या जिल्ह्याला भेट देण्याचा काळ आपण एका ओळीत सांगून मोकळे होतो.

माझं म्हणणं असं की वऱ्हाडात यायचा महिना पाण्यावरून ठरवावा. या मुलखातला पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. वर्षाच्या पावसाचे पाच भाग केले तर चार या चार महिन्यांतले. पुढचे आठ महिने म्हणजे त्याच पाण्याचा प्रवास. आधी ते कड्यांवरून वाहतं, मग ओढ्यांत, मग काळ्या मातीत मुरून राहतं, मग विहिरीत आणि धरणात, आणि शेवटी तिथूनही जातं. झाडं, पिकं, जनावरं, पक्षी, जत्रा आणि स्वयंपाक या सगळ्यांचं वेळापत्रक, पाणी या वाटेवर कुठवर पोचलं यावर बसवलेलं असतं. बोट्सवानातल्या ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशाचं उदाहरण इथं उपयोगी पडतं. तिथला पाऊस मुख्यतः शेजारच्या अंगोलाच्या डोंगरात पडतो, वर्षाच्या सुरुवातीला. ते पाणी सपाटीवरून इतकं संथ उतरतं की खालच्या दलदलीला पूर येतो तो जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन कोरड्या हिवाळ्यात. ढगांकडे पाहून तिथं जाणाऱ्याला पाणी दिसत नाही. वऱ्हाडात पाऊस आणि पाणी यांतलं हे अंतर इतकं मोठं नाही, पण आहे. आणि प्रवासी नेमका त्याच्याकडेच दुर्लक्ष करतो.

आपल्या आधी या मुलखात फिरलेल्यांनी हे ओळखलं होतं. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं स्थान, ‘लीळाचरित्रा’शी जोडलेलं गाव, तिथं आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलंय. जुन्या काळच्या फिरत्या साधूंना पायाखालची जमीन कधी चालू देते आणि कधी नाही, हे बरोबर ठाऊक असे. चातुर्मासात एका जागी राहण्याची चाल भारतभर पडली, तिच्यामागे चिखल आणि दुथडी नद्या हे साधं कारणही आहे. सैन्यांनाही तोच नियम. 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धात वेलस्लीची फौज नोव्हेंबरच्या अखेरीला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढली आणि 15 डिसेंबरला गाविलगड पडला. किल्ल्याची दुबळी बाजू उत्तरेची. तिकडून मारा करण्यासाठी जड तोफा सातपुड्यातून ओढत वर न्याव्या लागल्या. ऑगस्टमध्ये त्या तोफा पायथ्याच्या काळ्या मातीतूनच बाहेर निघाल्या नसत्या. पुढे इंग्रजी अंमल आला आणि साहेब लोकांनी वऱ्हाडाचा हंगाम उलटा करून टाकला. उन्हाळ्यात मैदान तापलं की चिखलदऱ्याच्या बंगल्यांत जायचं, ही त्यांची सोय. तिथून थंड हवेचं ठिकाण ही कल्पना आपल्यात रुजली, आणि प्रदेश बघणं म्हणजे उकाड्यापासून पळणं, असा समज आपण आजवर जपून ठेवला.

पावसाळ्याची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं आधी ऐकायला हवं, कारण ते दुबळं नाही. चिखलदरा बघावा तर श्रावणात, असं अमरावतीकर सांगतील. परतवाड्याजवळच्या मुक्तागिरीला जैन मंदिरांच्या शेजारून धबधबा कोसळतो तो याच दिवसांत. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या बेचक्यात उभा आहे. नद्या भरल्यावरच त्या जागेची निवड का झाली ते डोळ्यांना पटतं. अकोल्यात शेवटच्या श्रावण सोमवारी हजारो कावडधारी गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरतात आणि रात्रभर सुमारे 18 किलोमीटर चालत येऊन राजराजेश्वराला अभिषेक करतात. 1944 च्या सुमारास पावसानं ओढ दिली तेव्हापासून ही प्रथा पडली असं अकोल्यात सांगतात, आणि पाण्यावरच्या एवढ्या मोठ्या श्रद्धेचा उत्सव दुसऱ्या कुठल्या महिन्यात बघायला मिळणार नाही. हे सगळं मान्य. पण वऱ्हाडात झड लागली की दोन-दोन, तीन-तीन दिवस उघडीप मिळत नाही. पंचबोल पॉइंटवर उभं राहावं तर धुक्यापलीकडे काही दिसत नाही. मैदानातली माती इतकी चिकट की धुऱ्यावरून दहा पावलं चाललं तरी चपलेला शेरभर चिखल येतो. पूर्णेकाठच्या गावांत पावसात पांदण रस्त्यानं वावरात जाणं कास्तकारालाही जिवावर येतं. मेळघाटच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन या काळात बंद असतं ते निराळंच. म्हणजे पावसाळ्यात एक चिखलदरा आणि दोन-चार देवस्थानं हाती लागतात, आणि बाकीचं वऱ्हाड पाण्याखाली, धुक्याखाली किंवा कुलपाखाली राहतं.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला पर्यटनापेक्षा मोठी वाटते. मेळघाटातल्या कोरकू आदिवासी कुटुंबांसाठी जुलै ते सप्टेंबर हा वर्षातला सर्वांत कठीण काळ. आधीच्या पिकाचा दाणा संपलेला, नवं पीक अजून हिरवं, हाताला काम कमी, ओढे भरले की वाड्या तुटलेल्या, आणि हिवताप-हगवणीचे दिवस. 1993 साली इथल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात मेळघाट बातम्यांत येत राहिला आहे. बैरागडसारख्या गावी आयुष्य घालवलेल्या डॉक्टरांनी याच महिन्यांशी झुंज दिली. डोंगरात चढणारे घाटरस्ते मोजकेच. शनिवार-रविवारी धुकं बघायला आलेल्या गाड्यांची रांग ज्या वळणावर खोळंबते, त्याच वळणावरून खालच्या दवाखान्यात न्यायचं बाळंतपणही जातं. पावसाळ्यात चिखलदऱ्याला जाऊच नये, असं म्हणणं अतिरेकाचं होईल. तिथली हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, गाडीवाले त्याच तीन महिन्यांवर वर्षाचा मोठा भाग काढतात. पण जायचं तर आठवड्याच्या मधल्या वारी जावं, गाडी रस्त्यात उभी करू नये, आणि पलीकडच्या खोऱ्यात लोक कसे दिवस काढताहेत याची जाण ठेवून जावं.

मग कधी? हस्त सरतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मान्सून विदर्भातून काढता पाय घेतो. तिथून मार्गशीर्षाच्या मध्यापर्यंतचा काळ, म्हणजे ढोबळ मानानं ऑक्टोबरचा मध्य ते डिसेंबरचा मध्य, हा माझा निवाडा. कारण एकच आहे. वर्षात फक्त याच दिवसांत पाणी आपल्या वाटेवरच्या सगळ्या मुक्कामांवर एकाच वेळी सापडतं. डोंगरातले ओढे अजून वाहते, तलाव आणि धरणं वर्षातल्या सर्वांत भरल्या पातळीच्या जवळ, विहिरींना पाणी वर, आणि मैदानातल्या काळ्या मातीला वाफसा आलेला. वाफसा आला म्हणजे मातीत ओल आहे, पण पाय फसत नाही. कास्तकार रब्बीच्या हरभऱ्याला तिफण लावतो आणि पाहुणा धुऱ्यावरून बिनधास्त चालू शकतो. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 20 ऑक्टोबर 1969 ला स्थापन झालं. ते कास्तकारांसाठी शिवारफेरी भरवतं, तीही सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. विदर्भभरातून कास्तकार उभी पिकं बघायला अकोल्याला येतात. ज्यांचं पोट या जमिनीवर आहे ते तिला बघायला कधी जातात, याहून मोठा पुरावा मला सापडत नाही.

या दिवसांतलं मैदान सावकाश बघण्यासारखं असतं. सोयाबीनच्या गंज्या लागून मळणी चाललेली, तुरीला पिवळा फुलोरा, आणि कपाशीची बोंडं खालच्या फांद्यांपासून वरवर फुटत जाणारी. कपाशी एकदम पांढरी होत नाही. पहिला वेचा, दुसरा, तिसरा असा तिचा कापूस महिना-दोन महिने येत राहतो. पहिल्या वेच्याला हात लावण्याआधी वावरात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच वेचणी सुरू होते. सकाळी दव असतं तोवर शहाण्या घरचा कापूस वेचला जात नाही, कारण ओला कापूस बाजारात भावाला मार खातो. ऊन जरा चढलं की बाया कमरेला ओटी बांधून ओळी धरतात. दोन्ही हात एकाच वेळी चालतात, बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं बोटांना ओरबाडत राहतात, कचरा न लागता कापूस अलगद ओटीत जातो. मजुरी किलोवर, म्हणून सांजेला तराजू लागला की सगळ्यांचे डोळे काट्यावर असतात. अकोल्याचं, अमरावतीचं, मूर्तिजापुराचं गेल्या दीडशे वर्षांचं नशीब या ओटीतून उभं राहिलं: जिनिंग, प्रेसिंग, रेल्वे, बँका, वाडे. मूर्तिजापुरातून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर गाठणारी शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी याच कापसासाठी घातली गेली. ती आता बंद पडली, पण रूळ कशासाठी आले ते समजून घ्यायचं तर नोव्हेंबरातलं एक वावर पुरेसं आहे. एप्रिलात याच वावरात उभं राहिलं तर पायाखाली भेगाळलेली जमीन दिसेल, आणि वऱ्हाड म्हणजे उजाड मुलूख ही समजूत पक्की करून माणूस परत जाईल. कित्येक जण तसेच परत जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

पूर्णेच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, अकोट, बाळापूर या भागांत जमिनीखालचं पाणी खारं, पिण्याच्या आणि ओलिताच्या दोन्ही कामांना नकोसं. तिथला रब्बीचा हरभरा मुख्यत्वे पावसाळ्यात मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर येतो. वर पाऊस नाही, खाली गोडं पाणी नाही, आणि तरी पीक उभं, हे दृश्य नोव्हेंबर-डिसेंबरातच समोर येतं, आणि काळ्या मातीचं मोल पटतं. उलट मोर्शी-वरुडकडे माणूस झाडाचं पाणी स्वतःच्या हातानं तोडतो. संत्र्याला फूल यावं म्हणून बागेला ताण देतात. डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडायचं, झाड कोमेजल्यासारखं होऊ द्यायचं, आणि जानेवारीत पाणी सोडलं की बाग फुलून येते. हा अंबिया बहार, त्याची फळं पुढच्या नोव्हेंबर-डिसेंबरात उतरतात. मृग बहाराला ताण उन्हाळ्याचा, फूल जूनच्या पावसाचं आणि फळ फेब्रुवारी-मार्चचं. म्हणजे नोव्हेंबरात वरुडच्या रस्त्यानं जाणाऱ्याला एका बाजूला अंबियाची तोडणी दिसते आणि दुसऱ्या बाजूच्या बागेत मृगाची अजून हिरवी फळं. झाडाखाली तणस अंथरून संत्र्यांचे ढीग घातलेले, मोठं फळ एकीकडे, बारीक एकीकडे, डागी तिसरीकडे. या फळाची किंमत जमिनीखालच्या पाण्यात मोजावी लागते: वरुड आणि मोर्शी हे भूजलाचा अतिउपसा झालेले तालुके आहेत, आणि विहिरी सुटून बोअर खोल-खोल जात राहिले आहेत. संत्र्याची टोपली घेताना ही गोष्ट तिथल्या बागवानाला विचारली तर तो मोकळेपणानं बोलतो.

डोंगरात याच सुमाराला जंगल खुलं होतं. मेळघाट 1973-74 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. इथं हमखास आक्षेप येतो की ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाडी दाट, गवत उंच, पाणी जागोजाग, मग वाघ कसा दिसणार? आक्षेप बरोबर आहे. वाघ दिसण्याची शक्यता वाढवायची तर उन्हाळाच. पाणवठे आटले की जनावरं मोजक्या डबक्यांवर येतात. पण मेळघाट हे मुळात दऱ्याखोऱ्यांचं, चढउतारांचं जंगल, ताडोब्यासारखी वाघाची खात्री इथं कुठल्याच महिन्यात नाही. आणि ज्या अडचणीमुळे जनावर आपल्यासमोर येतं, ती त्याची तहान असते. ज्याला फक्त वाघाचा फोटो हवा त्यानं मेळघाटाला दोष देत परतण्यापेक्षा ताडोबा गाठावा. ज्याला सातपुडा हवा त्याच्यासाठी मात्र सिपनेत अजून धार असते; कोलकासच्या विश्रामगृहाखाली ती वळसा घेते तिथं पाणी काठाला लागून वाहतं. नरनाळ्यावर शहानूरकडून चढावं, तर गडावरचे तलाव भरलेले, महाकाली दरवाज्याच्या कोरीव दगडावरचं शेवाळ वाळत आलेलं, आणि आकाश धुऊन निघालेलं असल्यामुळे खालचं मैदान दूरवर उघडं. उन्हाळ्यात ते धुळीच्या पडद्याआड जातं. गाविलगडाचंही तेच. शिवाय झुडपांमधून वाट सापडण्याइतकं गवत डिसेंबरपर्यंत बसलेलं असतं, म्हणून गड बघणाऱ्यानं या काळाच्या शेवटाकडे यावं.

दुसरा आक्षेप उकाड्याचा. ऑक्टोबर हीट म्हणजे काय ते वऱ्हाडाला शिकवावं लागत नाही. अकोल्यात ऑक्टोबरातलं सरासरी कमाल तापमान 33-34 अंशांच्या घरात असतं, दुपारी जमिनीतून वाफ येते आणि घाम आटत नाही. नोव्हेंबरात ते 31 च्या आसपास येतं, डिसेंबरात 30 वर. मग सरळ डिसेंबर-जानेवारीच का नको? ज्यांना प्रकृतीचा प्रश्न आहे, ज्यांच्यासोबत वृद्ध माणसं आहेत, त्यांनी तेच करावं. मला त्यात वाद नाही. पौष-माघात मैदान तर फार सुखाचं. चांदूरबाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला बहिरमची यात्रा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत चालते, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि हंडीचं मटण यासाठी लोक लांबून येतात. गाडगेबाबांनी याच यात्रेत बोकडबळीविरुद्ध कीर्तनं केली, हेही तिथं उभं राहून आठवावं. तुरीचे सोले निघतात, वांगं-सोल्यांची भाजी घराघरांत होते, बाजारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, इतका स्वस्त की सांबारवडीचा घाट पडतो, आणि जिथं अजून ज्वारी उरली आहे तिथं हुरडा. अमरावतीच्या वडाळी, छत्री आणि मालखेडच्या तलावांवर, अकोल्याच्या कापशीला हिवाळी पाहुणे पक्षी उतरलेले असतात. फक्त एवढं ध्यानात ठेवावं की जानेवारीत डोंगर वाळायला लागलेला असतो, धबधब्याच्या जागी दगड दिसतात आणि कपाशीचे शेवटचे वेचे उरतात. म्हणजे खाणं, जत्रा आणि पक्षी हवे असतील तर हिवाळा. डोंगर आणि मैदान दोन्ही एका फेरीत बघायचे असतील तर कार्तिक.

माझ्या निवाड्याला खरा प्रतिस्पर्धी आहे तो फाल्गुन. पळस फुललेला, मोहाला फूल धरू लागलेलं, आणि मेळघाटात कोरकूंची होळी. कामासाठी बाहेर गेलेली माणसं या सणाला हमखास गावी परततात, ढोलकी-बासरीवर नाच दिवसच्या दिवस चालतो, रस्त्यात अडवून फगवा मागतात, आणि होळीमागून मेघनाथाची जत्रा भरते. वर्षभरात मेळघाट सर्वांत आनंदात असतो तो तेव्हा. तरीही सर्वसाधारण प्रवाशाला मी फाल्गुन सुचवणार नाही. मैदान तोवर संपलेलं असतं, हे एक कारण. दुसरं महत्त्वाचं. होळी हा त्यांच्या घरी परतण्याचा सण आहे. तिथं कुणाची तरी ओळख धरून, बोलावल्यावर जाणं निराळं, आणि कॅमेरे घेऊन गाड्या भरून जाणं निराळं. श्रावणातली कावड शहराच्या रस्त्यावरून जाते, ती सगळ्यांची. पाड्यातली होळी तशी नाही.

मे महिन्याबद्दल फार लिहायला नको. मे 2020 मध्ये अकोल्याचा पारा 47.4 अंशांवर गेला होता, आणि 44-45 तर तिथं बातमीही होत नाही. पण ज्यांच्या सुट्ट्या शाळेनं आणि परदेशातल्या नोकरीनं बांधलेल्या आहेत, त्यांना मेशिवाय पर्याय नसतो. त्यांनी मैदानाचा नाद सोडावा, पहाटेच डोंगरावर चढावं, आणि जमल्यास बुद्धपौर्णिमेला वन विभागाच्या परवानगीनं पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्र काढावी. अख्ख्या जंगलाला एका डबक्यावर अवलंबून राहावं लागतं म्हणजे काय, हे त्या रात्री दिसतं. उन्हाळ्यानं दाखवण्यासारखं तेवढंच, पण ते मोठं आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र याहून निराळा आहे: हवामान बदललं, आता महिने सांगण्यात अर्थ काय? जून कोरडा जातो, परतीचा पाऊस ऐन सोयाबीन काढणीत धिंगाणा घालतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते. 2021 च्या जुलैत मोर्णेनं अकोल्यात घरांत पाणी घातलं. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच महिन्यावर विसंबू नये. पंचांगही आपल्याला हवी तशी साथ देत नाही. 2023 साली श्रावण अधिक आला आणि लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला झालं; 2025 मध्ये ते 21 ऑक्टोबरला होतं. दोन्ही वेळी ‘दिवाळीच्या सुट्टीत’ वऱ्हाडात आलेल्या माणसांनी निरनिराळं वऱ्हाड पाहिलं: तीन आठवड्यांच्या फरकानं सोयाबीनचं शिवार कपाशीचं होऊन जातं. तेव्हा तिकीट काढण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. सोयाबीन निघालं का? काटेपूर्णा आणि अप्पर वर्धा धरणांत पाणी किती आहे? जंगलातले रस्ते खुले झाले का? धरणसाठ्याचे आकडे वर्तमानपत्रांत नेमानं येतात, बाकी दोन्हींची उत्तरं गावातला कुणीही फोनवर देतो. पर्यटन खात्यानं आपल्या पत्रकांत ‘ऑक्टोबर ते मार्च’ छापण्याऐवजी दर पंधरवड्याला एवढी माहिती दिली तरी पुष्कळ होईल, आणि ते अवघड नाही. माहिती सरकारच्याच तीन कार्यालयांत पडून आहे.

एका शंकेचं उत्तर द्यायचं राहिलं. काढणीच्या दिवसांत पाहुणे म्हणजे कास्तकाराला ताप नाही का? वऱ्हाडाचं नाव गेली पंचवीस वर्षं आत्महत्यांच्या बातम्यांत येत राहिलं. अशा मुलखात हौसेनं फिरायला जावं का, हा प्रश्न संवेदनशील माणसाला पडतो. मला वाटतं जावं, आणि याच दिवसांत जावं. वर्षभराच्या कष्टाला भाव काय मिळतो हे त्याच दोन महिन्यांत ठरतं, आणि ते शहरातल्या माणसानं जवळून पाहिलेलं बरं. वेचणीच्या वेळी वावरात गर्दी करू नये, मजुरांना उभं करून फोटो काढू नयेत. संत्री, तूरडाळ, ज्वारी थेट कास्तकाराकडून घ्यावी, बिनघासाघीस. आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला लाखो माणसं मौनात उभी राहतात, कार्तिक पौर्णिमेला वर्धेकाठच्या कौंडण्यपूरची यात्रा भरते. हंगाम चालू असतानाच हा समाज स्वतः घराबाहेर पडतो, तेव्हा पाहुण्याचं त्याला ओझं होत नाही.

भाऊबीज उरकल्यावर पाच-सहा दिवस हाताशी असतील तर पाण्याच्याच वाटेनं उतरत यावं. आधी चिखलदरा आणि गाविलगड, कारण तिथलं पाणी आधी जातं, मग सेमाडोह-कोलकास, तिथून परत परतवाड्याला उतरून मुक्तागिरी, मग मोर्शी-वरुडच्या बागा, येताना रिद्धपूर, मग अमरावतीत अंबादेवीचं दर्शन आणि गिला वडा, आणि शेवटी दर्यापूर-अकोट रस्त्यानं खारपाणपट्टा ओलांडत नरनाळा आणि अकोला. उलट क्रमानंही जाता येतं, पण मग डोंगरावर पोचेपर्यंत ओढ्यांचे आणखी पाच दिवस कमी झालेले असतात. मुक्काम चिखलदऱ्याला शनिवारी धरू नये, जंगलाचं आरक्षण आधी करावं, आणि अंगात स्वेटर असू द्यावा. खाली अकोल्यात पंखा लागत असला तरी कोलकासला पहाटे थंडी वाजते.